एका तासाची दोन बिलं

मे महिन्यात मी माहेरी होते. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि कावळ्यांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. जिन्याच्या सावलीत बसून मी दुसऱ्या सत्राचं मानधनाचं बिल भरत होते. तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, सही. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सेट झाले, पीएचडी झाली, शिकवायला लागून तेरा वर्षं झाली. गावात मला प्राध्यापक म्हणतात. कागदावर मी सीएचबी, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’वरची. दरवर्षी पावसाळ्यात मुलाखत, नेमणूक, आणि उन्हाळा लागला की नेमणूक संपलेली.

धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शनिवारी एका विनाअनुदानित संस्थेत बीसीएच्या मुलांना डेटा सायन्स शिकवतो. त्याचंही बिल द्यायचं राहिलं होतं. बॅगेतून काढून त्याने ते माझ्या कागदांशेजारी ठेवलं. माझ्या एका पानावर पंचवीस ओळी, पंचवीस तास, बेरीज २२,५०० रुपये. त्याच्या बिलावर सहा शनिवारांच्या सहा ओळी, प्रत्येकी दोन तास, बेरीज २४,००० रुपये. दोघंही थोडा वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो. मग बोलणं सुरू झालं ते ऊन उतरेपर्यंत चाललं.

भाऊ : ताई, तुझा तास अजून ९०० चाच आहे?

मी : पदवीच्या वर्गाला ९००, एमएला १,०००. २०२२ मध्ये सरकारने दर वाढवले तेव्हापासून हेच. त्याआधी तर याहून कमी होते. तुझा २,०००?

भाऊ : हो. आणि तुला वाईट वाटेल, पण मला त्यात अन्याय दिसत नाही. शनिवार माझा सुट्टीचा दिवस. तो सोडून मी जायचं तर तेवढं तरी मिळायला हवं. त्या संस्थेने आधी १,००० रुपयांत माणूस शोधला होता. सहा महिने कुणी मिळालं नाही. मुलांनी तो विषय पुस्तक वाचून उरकला.

मी : म्हणजे दर विषयाचा आहे.

भाऊ : विषयाचा, म्हणजे बाजाराचा. कॉलेज मला माझ्या ज्ञानाचं मोल देत नाही, मी ज्या किमतीला यायला तयार होतो ती किंमत देतं. मराठीच्या एका जागेची जाहिरात आली की नेट-सेट झालेल्यांची रांग लागते. माझ्या विषयाला रांग नाही. ज्याला रांग आहे त्याचा दर चढत नाही. टोमॅटोचं काय होतं ते आपण लहानपणापासून बघतोय.

मी : टोमॅटोची आवक पावसावर असते. ही रांग कशी लागली ते सांगते. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापक निवृत्त होत गेले, जागा रिकाम्या होत गेल्या आणि भरती वर्षानुवर्षं थांबली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली. त्या भरता भरता २०२० मध्ये करोनाच्या काळात पुन्हा बंदी आली. उरलेल्या २,०८८ जागांना परवानगी मिळायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात निवृत्त होणारे थांबले नव्हते, आणि विद्यापीठांतून पीएचडी होणारेही थांबले नव्हते. वर्ग भरतच होते, तास पडतच होते. ते कुणी घेतले? आम्ही. ज्या खुर्चीवर माणूस नेमायचा ती रिकामी ठेवायची, मग खुर्चीबाहेर उभ्या असलेल्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, रांग आहे, स्वस्तात मिळतील. हा बाजारभाव मला मान्य नाही.

भाऊ : भरती थांबली ही सरकारची चूक. ती मी नाकारत नाही. पण त्या चुकीमुळे का होईना, आज माणसं जास्त आहेत आणि जागा कमी आहेत. शिवाय पैसा येतो कुठून तेही बघ. माझ्या बीसीएच्या पोरांची फी तुझ्या बीएच्या पोरांच्या कितीतरी पट आहे. विनाअनुदानित कोर्सचा सगळा खर्च फीतून. त्या फीतून माझे २,००० निघतात. तुझ्या मुलांच्या फीतून काय निघणार?

मी : माझ्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी दूध घालून, भाजी उतरवून येतात. त्यांच्याकडून फी घेऊन मला पगार द्या असं मी कधीच म्हणणार नाही. म्हणून तर महाविद्यालय अनुदानित आहे. तिथे दर बाजार ठरवत नाही, शासन निर्णय ठरवतो. आणि शासनच कायम प्राध्यापकाच्या बाबतीत विषय बघत नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. मराठीचा असो, भौतिकशास्त्राचा असो, वाणिज्यचा असो, आकडा तोच. अभियांत्रिकीच्या पदवी महाविद्यालयातही तोच. म्हणजे या देशाने एक गोष्ट कधीच ठरवून टाकली आहे की वर्गात उभं राहण्याची किंमत विषयागणिक बदलणार नाही.

भाऊ : सगळीकडे तसं ठरलेलं नाही. अमेरिकेत कायम प्राध्यापकांचे पगारसुद्धा विषयानुसार वेगळे असतात. व्यवस्थापन, कायदा, संगणक शिकवणाऱ्याला इंग्रजी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा पुष्कळ जास्त मिळतं. बाहेर ज्याला जास्त पगार मिळू शकतो, त्याला आत धरून ठेवायला जास्त द्यावं लागतं, एवढं साधं आहे. आपल्याकडे ५७,७०० सगळ्यांना सारखे ठेवले, म्हणून संगणकाचे चांगले लोक कॉलेजात येतच नाहीत. समानतेची ही किंमत माझे विद्यार्थी देतात.

हा मुद्दा मला टोचला, कारण तो खरा आहे. माझ्याच महाविद्यालयात संगणकाच्या वर्गाला एका वर्षात तीन शिक्षक बदललेले मी पाहिलेत. तिसरा गेला तेव्हा मुलांनी मला विचारलं होतं, मॅडम, तुम्ही घ्याल का आमचा तास? त्यांना विषय कुठला हेसुद्धा महत्त्वाचं उरलं नव्हतं. कुणीतरी रोज यावं एवढंच त्यांना हवं होतं.

मी : तुझे विद्यार्थी शिक्षकाविना राहावेत असं मला वाटत नाही. पण आपण बोलतोय ते तासाबद्दल, तर एकदा तास उघडून बघू. तू शनिवारी दोन तास घेतोस. त्याच्या आधी आणि नंतर काय करतोस?

भाऊ : तयारी थोडी. रोजचंच काम आहे, उदाहरणं हाताशी असतात. पेपर संस्थेतले दुसरे लोक तपासतात. मी फक्त शिकवतो.

मी : माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सत्तर मुलं आहेत. या सत्रात मी त्यांना एक निबंध लिहायला दिला, विषय होता ‘आमच्या घरातला माझा कोपरा’. एका निबंधाला दहा मिनिटं धर. सातशे मिनिटं, म्हणजे बारा तासांच्या जवळपास. एका मुलाने लिहिलं होतं की त्याच्या घरात त्याचा कोपरा नाही, म्हणून तो रात्री एसटी स्टँडच्या दिव्याखाली बसून वाचतो. त्याने ‘दिव्याखाली’ लिहिताना तीन चुका केल्या होत्या. त्या चुकांना लाल खूण करून तो निबंध परत देता येत नव्हता. मी त्याला खाली अर्धं पान उत्तर लिहिलं. मग तो लिहायला लागला. आता वर्गात सगळ्यात आधी वही त्याची येते. हे बारा तास या बिलात दाखव मला. ‘शिकवलेला घटक’ हा रकाना आहे, ‘तपासलेला घटक’ नाही. अंतर्गत परीक्षा, प्रकल्प, मूल्यांकन समिती येणार म्हणून रात्री उशिरापर्यंत लावलेल्या फायली, प्रवेशाच्या दिवसांतला मदत कक्ष, यातलं काहीच तासात येत नाही आणि यातलं काही नाकारलं तर पुढच्या मुलाखतीत त्याची आठवण ठेवली जाते.

भाऊ : हे मला माहीत नव्हतं. पण हा मराठीचाच प्रश्न आहे का? लिहायला लावणारे सगळेच विषय आले यात.

मी : बरोबर. प्रत्येक विषयाचा तास आतून वेगळा आहे आणि दर ठरवताना ते कुणी बघितलेलं नाही. विज्ञानाचं सांगते, तुझ्या जवळचं आहे. माझी एक मैत्रीण रसायनशास्त्राला सीएचबी आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला थिअरीच्या निम्म्याहूनही कमी मिळतात. तिच्या वर्कलोडमध्ये प्रात्यक्षिकं जास्त. म्हणजे ती माझ्याइतकेच तास उभी राहते आणि माझ्याहून कमी घेऊन घरी जाते. द्रावणं आधी तयार करायची, ब्युरेट गळतोय का बघायचं, वीस मुलांच्या हातात आम्ल असताना डोळ्यात तेल घालून उभं राहायचं. त्या तासाची किंमत व्याख्यानापेक्षा कमी का?

भाऊ : निम्म्याहून कमी? हे उलटं आहे. मी लॅब घेतो तेव्हा जास्त दमतो. तीस पोरं, तीस वेगवेगळे एरर. व्याख्यान मी झोपेतही देईन. लॅबमध्ये डोकं सतत चालू ठेवावं लागतं.

मी : तुला लॅबचे किती मिळतात?

भाऊ : तेवढेच. २,०००. कुणी वेगळा दर काढलाच नाही.

मी : म्हणजे बाजारालाही कळतं की प्रात्यक्षिक हे शिकवणंच आहे. हा फरक कागदावर काढलाय तो पन्नास वर्षांपूर्वीच्या कल्पनेने, की प्रयोगशाळेत मुलं आपापलं काम करतात आणि शिक्षक फक्त हजर असतो.

आई मध्ये चहा घेऊन आली. कुरडया उलटायला हव्यात म्हणाली. आम्ही दोघं उठलो. अर्धवट वाळलेली कुरडई खालून ओली असते, घाई केली की तुटते. भाऊ एकेक सोडवून उलटत होता. उलटता उलटता त्याने पुन्हा विषय काढला.

भाऊ : तरी एक सांगतो. तुझं म्हणणं मानून उद्या सगळ्यांना एकच दर केला, तर संस्था तुला माझ्या दरावर आणतील असं वाटतं? मला तुझ्या दरावर आणतील. मी जाणं सोडेन. माझ्या जागी कुणीतरी नुकताच पास झालेला पोरगा उभा राहील. समान दर म्हणजे समान गरिबी.

मी : ही भीती मला पटते. म्हणून मी ‘समान दर’ म्हणतच नाहीये. तुझ्या २,००० शी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की तळाला एक पायरी हवी आणि तिच्याखाली कुणालाही, कुठल्याही विषयाला नेता येऊ नये. वर ज्याला जेवढं द्यायचं तेवढं द्या, पण उघड द्या, कारण लिहून द्या.

भाऊ : ती पायरी किती रुपयांची? आकडा सांग. आकड्याशिवाय मागणी म्हणजे नुसतं गाऱ्हाणं.

मी : मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं, वर्षाला तीस आठवडे. सोळा गुणिले तीस, ४८० तास. मूळ वेतन ५७,७०० गुणिले बारा, ६,९२,४००. भाग दे.

भाऊ : १,४४२ आणि काहीतरी.

मी : हे फक्त मूळ वेतनावर. महागाई भत्ता धरला नाही, घरभाडं धरलं नाही, आजारपणाची रजा नाही, निवृत्तीनंतरचं काही नाही. आता दुसरा आकडा. आयोगानेच २०१९ च्या जानेवारीत अतिथी प्राध्यापकांसाठी दर सांगितला, एका व्याख्यानाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,०००. दोन वेगळ्या वाटांनी आलो तरी आकडे जवळजवळ एकच येतात. म्हणजे १,४४२ ते १,५०० ही कुणाची हाव नाही, कायम माणसाच्या तासाची ती उघडी किंमत आहे. मला मिळतात ९००. नऊ तासांच्या वर आठवड्याला देत नाहीत, म्हणून तीस आठवडे एकही तास न बुडता झाले तरी वर्षाचे २,४३,००० होतात. बारा महिन्यांवर पसरले तर महिना २०,२५०. आणि निवडणूक, परीक्षा, पाऊस, कुठल्याही कारणाने वर्ग झाला नाही की तो तास गेला.

भाऊ : आणि हे पैसे दर महिन्याला येतात?

मी : बिल प्राचार्यांकडे, तिथून सहसंचालक कार्यालयात, तिथून अनुदान आलं की खात्यात. हिवाळ्यात शिकवलेल्या तासांचे पैसे मला उन्हाळ्यात मिळालेले आहेत. किराणा दुकानदार सत्रांत परीक्षा घेत नाही, दर महिन्याला घेतो.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

भाऊ : समजा तू मराठीऐवजी इंजिनिअरिंगला असतीस, तर एवढं झालं नसतं ना?

मी : मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, की आपण चुकीचा विषय निवडला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक. महिन्याला ३०,००० रुपये. शेजारच्या वर्गात तेच काम करणाऱ्या कायम प्राध्यापकाला लाखाच्या वर. बघ, विषय तुझाच, बाजारात मागणी असलेला. तरी ३०,०००. न्यायालयाने त्यांना किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितली, आणि समारंभांत नुसतं ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणणं पुरेसं नाही, ते वागणुकीत दिसलं पाहिजे, अशा अर्थाचं सुनावलं. त्याआधी २०१६ मध्ये पंजाबच्या जगजितसिंग खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की तात्पुरत्या माणसालाही समान कामाला समान वेतन. गुजरातचा तो निकाल वाचला त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. माझा विषय स्वस्त नव्हता. माझी नेमणूक स्वस्त होती.

भाऊ : मग माझी नेमणूकही तशीच आहे की. मलाही रजा नाही, पीएफ नाही.

मी : पण तुला त्याची गरज नाही. तुझं घर कंपनीच्या पगारावर चालतं. तासावर पैसे देण्याची ही पद्धत मुळात तुझ्यासारख्यांसाठी निघाली. वकील, सीए, कारखान्यातला अभियंता, नाटकातला माणूस यावा, चार तास घ्यावेत, त्याच्या हातचं कौशल्य मुलांना दिसावं, मानधन घेऊन त्याने जावं. पाहुणा म्हणून पाट-रांगोळी ठीक आहे. पण घरातलं रोजचं माणूसच पाहुणा म्हणून नोंदवलं आणि त्याला महिन्याचा खर्च न देता प्रत्येक पोळीमागे पैसे दिले, तर त्याला काय म्हणायचं? विषयांमधला फरक इथे आहे बघ. ज्या विषयांना बाहेर दुसरी नोकरी आहे, तिथे अर्धवेळ शिक्षक खराच पाहुणा असतो. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, भूगोल, इथे तो पाहुणा नसतो. त्याला जायला दुसरं घर नाही. म्हणून तोच नियम तुला वरचा पैसा देतो आणि मला पोटापुरताही देत नाही.

भाऊ : हे मात्र मी असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं आपण दोघं एकाच रांगेत आहोत, मी पुढे, तू मागे.

मी : ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या दिवशी महाविद्यालयात पेढे वाटले. मी वर्गात मुलांना अभिजात म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि खरंच सांगते, सांगताना माझा गळा दाटून आला होता. तो तासही या बिलात आहे, घटक लिहिलाय. भाषेचा मान वाढला याचा आनंद मला आहे आणि राहील. पण ती भाषा पुढच्या पिढीच्या हातात ठेवणारा माणूस उन्हाळ्यात बेरोजगार असतो, हे जोवर बदलत नाही तोवर तो मान अर्धाच पोहोचला.

भाऊ : एक शंका राहतेच. जे सरकार जागा भरत नाही, ते तुझी १,४४२ ची पायरी का बांधेल?

मी : याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मागणी बरोबर मांडलेली नसेल तर ते कधीच येणार नाही, एवढं मला कळतं. आजवर आम्ही प्रत्येक विषयाचे वेगळे गेलो. विज्ञानवाल्यांनी प्रात्यक्षिकाचा दर मागितला, आम्ही थिअरीचा मागितला, वाणिज्यवाल्यांना वाटलं आपलं ट्यूशनवर भागतं. या जुलैत मुलाखतीच्या अर्जासोबत मी एक पान जोडणार आहे. तीन ओळी. थिअरी आणि प्रात्यक्षिक एकाच दराने. दर कायम सहायक प्राध्यापकाच्या मूळ वेतनाला बांधलेला, ते वाढलं की हाही वाढेल. आणि तपासणीचे तास मोजलेले. रसायनशास्त्राची मैत्रीण सही करणार आहे, इतिहासाचे सर करणार आहेत.

भाऊ : मीही करतो. चालत असेल तर.

मी : तू का?

भाऊ : तुमच्यासारखं माझं घर त्यावर चालत नाही म्हणूनच. मी सही केली तर कुणी म्हणणार नाही की ही कमी पैसेवाल्यांची कुरकुर आहे. ते पान इकडे दे, गणित पुन्हा करतो.

ऊन जिन्यापर्यंत सरकलं होतं. त्याने मोबाइल काढला, ६,९२,४०० ला ४८० ने भागलं आणि माझ्या हातातलं पेन थांबवलं.

“नुसतं १,४४२ नको लिहूस, ताई. १,४४२ रुपये ५० पैसे. पन्नास पैसेसुद्धा सोडू नकोस.”

मी तसंच लिहिलं.